फोनमध्ये काही सापडलं नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "मुलीचा आहे. आज मुद्दाम घरी ठेवायला लावला. ती क्लासला गेलीय, सहाला येईल. तिने उडवलेले मेसेज त्याच्या आत काढून द्या. किती होतील ते सांगा, पैशाचा प्रश्न नाही." फोन बंद होता. पारदर्शक कव्हरच्या आत पीएमपीचं एक घडी घातलेलं तिकीट आणि मांजराचं स्टिकर होतं. मी फोनला हात लावला नाही. त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं की हे काम माझ्याच्याने होणार नाही, आणि दुसरा कोणी 'होईल' म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

माझं सिंहगड रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १८ वर्षं झाली. फुटलेला कॉम्बो, म्हणजे काचेसकट पडदा, बदलायचा, फुगलेली बॅटरी काढायची, चार्जिंग पिन बसवायची, पाण्यात पडलेला फोन सुकवून बघायचा, ही रोजची कामं. आठवड्यातून दोनदा तपकीर गल्लीत जाऊन पार्ट आणायचे. या कामांत गेल्या काही वर्षांत एका नव्या मागणीची भर पडली आहे. आई किंवा वडील मुलांचा फोन घेऊन येतात, बहुतेक वेळा मूल घरात नसताना, आणि 'आतलं' काढून मागतात. लॉक तोडून द्या म्हणतात. तिचे मेसेज माझ्या फोनवर दिसतील असं काहीतरी घालून द्या म्हणतात. ही माणसं वाईट नसतात. रात्र रात्र झोप नसलेली, घाबरलेली असतात. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या माध्यमांवर खातं ठेवायला बंदी झाली. तसं आपल्याकडे करावं की नाही, यावर आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं वाचतो आहे. त्या वादात मी पडत नाही. बंदी येईल तेव्हा येईल. आज संध्याकाळी घरात मूल फोन घेऊन बसणार आहे आणि ते काय बोलतं हे आई-बापांना कळत नाही, हा आजचा प्रश्न आहे.

आधी यंत्राचं सांगतो, कारण निम्मी भीती तिथे आहे. पूर्वी मेमरी कार्डातून उडालेले लग्नाचे फोटो मी लोकांना काढून दिले आहेत. तेव्हा 'डिलीट' म्हणजे यादीतून नाव पुसलं जायचं, माल जागेवरच असायचा. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर हाती लागायचा. आताच्या फोनमध्ये सगळी साठवणच कुलूपबंद असते. पासवर्ड माहीत नसलेला फोन 'उघडून' मिळतो म्हणजे बहुतेक वेळा त्याला रीसेट मारलेला असतो आणि आतलं सगळं गेलेलं असतं. एका आईने दुसऱ्या एका दुकानातून असं लॉक तोडून घेतलं, तेव्हा मुलाच्या आजोबांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो गेले. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

शिवाय हे मेसेज मुलं हाताने उडवतच नाहीत. ते जाण्यासाठीच बनवलेले असतात. २०११ साली स्नॅपचॅट निघालं ते याच कल्पनेवर, की समोरच्याने फोटो पाहिला की तो गेला. इन्स्टाग्रामने २०२० मध्ये व्हॅनिश मोड आणला: चॅट बोटाने वर ओढलं की पडदा काळा होतो आणि त्यात लिहिलेलं वाचून बाहेर पडलं की पुसलं जातं. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर ७ दिवसांनी आपोआप जाणारे मेसेज आले, पुढच्या वर्षी २४ तास आणि ९० दिवस हे पर्याय आले, आणि एकदाच उघडणारा फोटोही. म्हणजे आपण आई-बाप जे व्हॉट्सअ‍ॅप सकाळ-संध्याकाळ वापरतो त्यातही हे सगळं आहे. तुमच्या मुलीच्या चॅटमध्ये काही नाही याचा अर्थ तिने चोरून काही पुसलं असा होत नाही. अनेक मुलांकडे ते नुसतं चालू करून ठेवलेलं असतं, पंखा चालू असतो तसं.

पंख्यावरून आठवलं. एका आईने मला विचारलं होतं की मुलगी रोज रात्री छताच्या पंख्याचा फोटो कुणाला तरी पाठवते, ही काही खूण असेल का? ती माउली रडायच्या बेताला आली होती. मी तिला स्ट्रीक काय असते ते सांगितलं. स्नॅपचॅटवर दोघांनी एकमेकांना रोज एक तरी फोटो पाठवला की नावापुढे ज्वाळेचं चित्र आणि दिवसांचा आकडा येतो; एक दिवस चुकला की आकडा जातो. तो राखायला मुलं पंख्याचा, भिंतीचा, पायातल्या चपलेचा, हाताला येईल त्याचा फोटो पाठवतात. त्या मुलीचा आकडा तीनशेच्या पुढे गेला होता. रोज झोपण्याआधी तीनशे दिवस कुणाची तरी आठवण ठेवली, एवढाच त्या पंख्याचा अर्थ होता. आईने घरी जाऊन विचारलं असतं तर पोरीने स्वतःच आनंदाने सांगितलं असतं.

हे मेसेज खरोखर नाहीसे होतात का, हा मुलांनी विचारायचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक मुलाला देतो. तुझ्या फोनमधून जातात. समोरच्याच्या हातात दुसरा फोन असेल तर तो पडद्याचाच फोटो काढतो आणि तुला कळतही नाही. स्क्रीनशॉट घेतला की सूचना येते, किंवा घेताच येत नाही, यावर विसंबून पोरं बिनधास्त राहतात. २०१४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, स्नॅपचॅटवर हाच ठपका ठेवला होता: फोटो कायमचे जातात असं तुम्ही सांगता, पण ते राखून ठेवायचे सोपे मार्ग आहेत. कंपनीला तडजोड करावी लागली. मुलांना घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. जी वस्तू रोज हातात आहे तिचा गुण त्यांना माहीत असावा, इतकंच.

आता थोडं मागे जातो. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, नारायण पेठेत एसटीडी-पीसीओ बूथ होता. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकडे पळणारं मीटर. रात्री उशिरा दर उतरले की बाहेर रांग लागायची. वसतिगृहातली मुलं, नोकरीला आलेली माणसं, आणि आसपासच्या वाड्यांतली आमच्याच वयाची मुलं-मुली. घरात फोन असूनही ती बूथवर यायची, कारण घरचा फोन बैठकीत, सगळ्यांच्या कानांपुढे. केबिनचं दार नीट लागायचं नाही, बाहेर सगळं ऐकू यायचं. असं कुणी आत गेलं की अण्णा काही न बोलता रेडिओचा आवाज वाढवायचे. गाण्याची आवड म्हणून नव्हे. आतल्याला आपलं बोलणं बाहेर जात नाही असं वाटावं म्हणून. पण एकदा शेजारच्या वाड्यातली एक मुलगी केबिनमधून पांढरीफटक होऊन बाहेर आली, तेव्हा अण्णांनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. खुर्चीवर बसवलं, आईला हाक मारून चहा करायला लावला. ती काय बोलली, कुणाशी बोलली, हे त्यांनी तिलाही विचारलं नाही आणि तिच्या घरीही सांगितलं नाही. अर्ध्या तासाने ती आपणहोऊन आमच्या आईपाशी बोलली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण ती आजही दिवाळीला आईला नमस्कार करायला येते.

अण्णांना ऐकू येत होतं आणि ते ऐकत नव्हते, पण त्यांची नजर त्या मुलीच्या चेहऱ्यावर होती. मी त्यांचा मुलगा. मी नेमकं उलटं केलं.

माझी मुलगी आता दहावीत आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात, ती नववीत असताना, तिचा डबा अर्धा परत यायला लागला. सकाळी पोट दुखायचं, दुपारनंतर बरं वाटायचं. गणपतीत दरवर्षी मैत्रिणींबरोबर देखावे बघायला जायची, त्या वर्षी 'पाय दुखतात' म्हणून घरी बसली. तिच्या आईने दोनदा मला म्हटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, बघतो. आणि मी काय बघितलं? मी फोन बघितला. तिचा पिन मला माहीत होता, फोन मीच तयार करून दिला होता. एका रात्री ती झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून मी तो तासभर चाळला. व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ, मावशीकडच्या बारशाचे फोटो. इन्स्टाग्रामवर मैत्रिणींची नावं, एकेक उघडलं, काही नाही. गॅलरी साफ. अनोळखी माणूस नाही, मुलगा नाही, पैशाची मागणी नाही. मी फोन होता तसा चार्जिंगला लावला, बायकोला सांगितलं, 'काही नाही, वयाचं आहे', आणि झोपलो. त्या रात्री मला शांत झोप लागली, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या काही आठवड्यांत मी आणखी दोनदा फोन बघितला. दर वेळी तेच. दर वेळी निर्धास्त.

शनिवारी संध्याकाळी ती दुकानात येऊन बसते, टेम्पर्ड ग्लास लावायला मदत करते. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. आधी ओल्या कागदाने पडदा पुसायचा, मग कोरड्या, मग चिकटपट्टीने एकेक धूलिकण उचलायचा, श्वास रोखून ग्लास कडेला कड लावून सोडायची, आणि मधून बाहेर पसरत जाणारा काळा डाग बघत बसायचं. एरवी हे करताना तिची टकळी चालू असते. दसऱ्याच्या आसपासच्या त्या शनिवारी ती एक ग्लास लावत होती आणि एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला. ती प्लॅस्टिकच्या कार्डाने तो बाहेर ढकलत होती, तो जात नव्हता, आणि ती ढकलतच राहिली. दुकानातला मुलगा, ज्याला ती दादा म्हणते, हलकेच म्हणाला, "ताई, राहू दे, काढून दुसरी लावू." त्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी त्या काचेवर पडलं.

मी शटर अर्धं ओढलं. काहीच विचारलं नाही, खरं तर मला काय विचारावं ते सुचलं नाही. तिने ती काच काढली, दुसरी घेतली, पुन्हा पुसायला सुरुवात केली आणि मान खाली ठेवूनच बोलायला लागली.

वर्गातली एक मुलगी, जी सहावीपासून तिची मैत्रीण होती, तिला रोज संध्याकाळी व्हॅनिश मोडमध्ये लिहीत होती. उद्या डब्याला आमच्यात बसू नकोस. तुझ्या दप्तराला दुकानाचा जळका वास येतो. तुझे बाबा चोरीचे फोन सोडवून विकतात, सगळ्यांना माहीत आहे. रोज दोन-तीन ओळी. वाचून बाहेर पडलं की गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत ती मुलगी सगळ्यांसमोर गोड बोलायची. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मला कधी कधी वाटायचं की मीच हे मनात बनवतेय. दाखवायला काही नव्हतंच ना." मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? तिने ग्लास बसवली, नीट बसली, आणि मग म्हणाली, "तुमच्याबद्दल होतं ते. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

संपादक महोदय, मी रात्री चोरासारखा तिचा फोन चाळत होतो आणि ती मला जपत होती.

तिला माझं फोन बघणंही माहीत होतं. सकाळी बॅटरी किती असते हे ती बघून ठेवायची. ती चिडली नाही, पण म्हणाली की ते कळल्यावर सांगायचं उरलंसुरलं धैर्यही गेलं. आपल्यावरच शंका आहे म्हटल्यावर आपली बाजू कोण ऐकणार, असं तिला वाटलं.

त्या रात्री मी त्या मुलीच्या घरी जायला निघालो होतो. बायकोने अडवलं आणि लेकीला विचारलं, तुला काय हवंय? तिला फक्त वर्गशिक्षिकांना सांगायचं होतं, आणि सांगताना हातात काहीतरी हवं होतं. मी दुकानाच्या खणातला एक जुना फोन तिला दिला. मंगळवारी मेसेज आला तेव्हा तिने त्या दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढला. खात्याचं नाव, मजकूर, वर वेळ, सगळं दिसेल असा. वर्गशिक्षिका शहाण्या निघाल्या. मुलींना सगळ्यांसमोर उभं केलं नाही, दोघींना वेगवेगळं बोलावलं. त्या मुलीची आईही आली. ती प्रथम ठामपणे म्हणाली, "आमच्या हिच्या फोनमध्ये असलं काही नसतं. मी रोज बघते." ती बाई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही दिसलं नव्हतं, जसं मला दिसलं नव्हतं. तिच्या लेकीच्या घरातही त्या वर्षी बरंच काही मोडत होतं असं नंतर समजलं; त्याबद्दल इथे लिहिणं बरोबर नाही. मेसेज थांबले. मैत्री परत आली नाही. डबा रिकामा यायला दिवाळी उलटून गेली.

मुलं हे जाणारे मेसेज वापरतात तरी का, हे मी नंतर तिलाच विचारलं. तिचं उत्तर मला माझ्या धंद्यातल्या कुणी दिलं नव्हतं. ती म्हणाली, तुमच्या लहानपणी तुम्ही कट्ट्यावर जे बोललात ते आज कुणी तुम्हाला वाचून दाखवू शकतं का? आमचं पाचवीतलं पण वाचून दाखवतात. म्हणजे जे आपल्याला आपोआप मिळालं होतं, बोललेलं हवेत विरून जाणं, ते या मुलांना बटण दाबून मिळवावं लागतं. यात मला काही गैर दिसत नाही. त्याच बटणाच्या आड एखादं पोर दुसऱ्याला टोचत राहतं आणि पुरावा उरत नाही, हेही तितकंच खरं आहे. आणि फोन चाळून या दोन्हींतला फरक कळत नाही. रिकामं चॅट दोन्हीकडे सारखंच दिसतं.

राहिली ती नजर ठेवणारी अ‍ॅप. ती मी घालून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ती घालायला आधी फोनचीच सुरक्षा बंद करावी लागते, आणि मग मुलीचे फोटो, ती कुठे आहे, काय लिहिते, हे सगळं कुठल्या तरी परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतं. एमस्पाय नावाच्या अशा अ‍ॅपची माहिती २०१५ मध्ये फुटली, २०१८ मध्ये फुटली आणि २०२४ मध्ये पुन्हा. पोरीला वाचवायला म्हणून घातलेलं अ‍ॅपच तिची सगळी खासगी माहिती चव्हाट्यावर आणू शकतं. त्यापेक्षा स्नॅपचॅट आणि इन्स्टाग्रामनेच पालकांसाठी दिलेली सोय बघा. ती मुलाच्या संमतीने जोडावी लागते. मूल गेल्या ७ दिवसांत कुणाशी बोललं ते पालकाला दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. मला हे प्रमाण योग्य वाटतं. माझी आईसुद्धा 'कुणाच्या घरी चाललास' एवढंच विचारायची. आपल्याकडे २०२५ पासून इन्स्टाग्रामवर अल्पवयीन मुलांची खाती 'टीन अकाउंट' म्हणून आपोआप जास्त बंदिस्त होतात आणि १६ वर्षांखालच्यांना ते बंधन सैल करायला पालकाची परवानगी लागते. पण जन्मवर्ष खरं टाकलेलं असेल तरच. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फोनांत ८ वर्षांच्या पोरांची खाती २५ वर्षांची म्हणून उघडलेली असतात, आणि ती आई-बापांनीच उघडून दिलेली असतात. ते आज घरी गेल्यावर दुरुस्त करा.

आणि कुणी मुलाला धमकावत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल, पैसे मागत असेल, तर चिडून खातं उडवू नका आणि पैसे देऊ नका. दुसऱ्या फोनने धमकीचे शब्द, खात्याचं नाव आणि वेळ टिपून घ्या. मुलाचा तसला खासगी फोटो असेल तर त्याची प्रत मात्र स्वतःही काढू नका, कुणाला पाठवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हे आकडे मी काउंटरच्या काचेखाली लावून ठेवले आहेत. कागद असा ठेवलाय की गिऱ्हाइकाच्या बाजूने सरळ वाचता येतो, कारण मुलं विचारत नाहीत, नुसती वाचून जातात. दोनदा एक मुलगा चार्जर घ्यायला म्हणून आला आणि त्या कागदाचा फोटो काढून गेला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हटलं, बस रे जरा, चहा सांगतो. बसला. त्याचं पुढे नीट झालं.

आमच्या घरी आता मी तिचा फोन उघडत नाही. पिन तिने बदललाय, मला माहीत नाही. रात्री साडेदहाला तिघांचेही फोन बैठकीत चार्जिंगला लागतात, माझासुद्धा, आणि सुरुवातीला मलाच ते सगळ्यात जड गेलं. तिला मी एक शब्द दिला आहे: काहीही झालं, चूक तुझी असली तरी, सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. तो शब्द दोनदा कसाला लागला. एकदा मला जीभ चावावी लागली.

हे पत्र पाठवण्याआधी तिने वाचलं आहे. नाव घालायचं नाही ही तिची अट. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली आहेत.

गुरुवारच्या त्या गृहस्थांना यातलं निम्मं मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ती हल्ली माझ्याशी जेवताना बोलत नाही हो. मी विचारलं, तुम्ही जेवताना काय विचारता? म्हणाले, मार्क. फोनच्या खालच्या कोपऱ्यात ग्लास फुटली होती, बोटाला लागेल अशी. ती बदलून दिली. फोन चालू करून घेऊन जा आणि ग्लास बदलायला नेला होता असं खोटं सांगू नका, काय करायला नेला होता तेच सांगा, एवढं म्हटलं. ते सहाच्या आत घरी पोचायला घाईने निघाले.

आपल्याला विनंती एवढीच, की जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी या अ‍ॅपांतल्या सेटिंगची माहिती मराठीत, चित्रांसह, आपल्या दैनिकात छापावी. दुकानात येणाऱ्या अनेक आई-बापांना हे इंग्रजीतून कळत नाही आणि मुलांना विचारायचा संकोच वाटतो. तोवर माझ्याकडून जे होईल ते करतो. दर शनिवारी ५ ते ७ या वेळात पालकांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन दुकानात यावं, मी सगळं समजावून सांगेन. त्याचे पैसे घेत नाही. मात्र पालक एकटे मुलाचा फोन घेऊन आले तर मी बसणार नाही. दोघांनी यायचं, आणि फोन मुलाच्याच हातात राहील.

कळावे.
आपला,
एक मोबाईल दुरुस्ती करणारा
सिंहगड रस्ता, पुणे
(नाव व दुकानाचा पत्ता संपादकांकडे स्वतंत्रपणे दिला आहे.)